घरचा तज्ज्ञ आणि गेलेला तिसरा अंक

कॉम्प्युटरला व्हायरस लागू नये म्हणून काय करायचं, हे मला पहिल्यांदा माझ्या धाकट्या दिरानं शिकवलं. खोलीत येताना चपला बाहेर काढायच्या, कीबोर्डला ओला हात लावायचा नाही, काम झालं की वरून कपडा घालायचा. नागपूरला तीन महिन्यांचा कोर्स करून आलेला आणि सावली गावच्या एका कार्यालयात ऑपरेटर म्हणून लागलेला माणूस हे सांगत होता. आमच्या घरात कॉम्प्युटरचं नाव काढलं की सगळे त्याच्याकडे बघायचे. मीही बघायचे. हात पुसून, चपला काढून, देवघरात बसावं तशी मी त्या यंत्रापुढे बसायचे.

आम्ही वडसाचे. नवरा राइस मिलमध्ये मेकॅनिक. मी आधी तहसीलसमोर मराठी टाइपरायटर घेऊन बसायची, लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. टाइपरायटरचे दिवस गेले तेव्हा मिलच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर नवऱ्यानं घरी आणला आणि मला नाटकांचं काम मिळू लागलं. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात, आणि नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडसात. लिहिणारे कोण, तर शेतकरी, मास्तर, एखादा पोस्टमन. ते वह्या आणून देत, मी टाइप करून देत असे. वहीसोबत पेनड्राइव्ह यायचा, गाण्यांसाठी. तो खिशात सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्नीसोबत राहिलेला असायचा. साउंडवाल्याकडे, मोबाइलच्या दुकानात, फ्लेक्स छापणाऱ्याकडे, असा गावभर फिरून तो माझ्याकडे यायचा आणि मी तो आनंदानं माझ्या कॉम्प्युटरला लावायची. चपला मात्र बाहेर.

दिरानं आमच्याकडे दोन अँटीव्हायरस टाकून दिले होते. एक कुठल्याशा सीडीवरचा, चोरीचा. दुसरा फुकटचा. "एकानं सोडला तर दुसरा धरते," तो म्हणाला. दोघं मिळून व्हायरस किती धरत होते कोण जाणे, पण कॉम्प्युटरला त्यांनी असं धरून ठेवलं होतं की तो सुरू करून मी भाताचं आधण ठेवायची आणि भात होईपर्यंत पडदा जेमतेम उजळायचा. मधूनच लाल चौकट यायची. इंग्रजीत काहीतरी धोक्याचं लिहिलेलं. मी फोन करायची.

"भाऊजी, हे काय विचारून राह्यलं?"

"येस म्हणा वहिनी. काहीबी विचारलं तर येस म्हणत जा."

दोन वर्षं मी येस म्हणत गेले. कशाकशाला येस म्हटलं ते आज आठवलं तरी कान गरम होतात.

त्या वर्षी धान कापणीच्या सुमारास एक गुरुजी नाटक घेऊन आले. सावलीच्या पलीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होते. तीन अंकी कौटुंबिक नाटक, बारीक अक्षरात, शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर लिहिलेलं. टाइप करून झालं, पण मंडळीच्या मालकाला तिसरा अंक पसंत पडला नाही. गुरुजी रजा टाकून आले आणि तीन दुपारी माझ्या शेजारी लाकडी खुर्चीवर बसून त्यांनी तो अंक नव्यानं सांगितला, मी थेट टाइप केला. मध्ये थांबायचे, डोळे मिटायचे, मग बापाच्या तोंडचं एखादं वाक्य असं बोलायचे की माझी बोटं थांबायची. तो अंक कागदावर कुठेच नव्हता. फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. शेवटच्या दुपारी त्यांनी घाईघाईत मंडळीतल्या नटांना तो एकदा फोनवर वाचून दाखवला आणि साडेचारची बस पकडली. छापायचं दुसऱ्या दिवशी ठरलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला तर सगळ्या फोल्डरांच्या कोपऱ्यात एकेक वाकडा बाण. नाटक उघडलं, उघडेना. गाणी उघडेनात. बाणावर टिचक्या मारून मारून बोट दुखायला लागलं. माझ्याकडच्या पेनड्राइव्हवर पहिल्या दोन अंकांची आणि गाण्यांची एक प्रत होती, तो लावला. त्याच्यातही बाण.

रविवारी दीर मोटरसायकलवर सावलीहून आला. बूट काढले, खुर्चीत बसला, पडद्याकडे पाहून मान हलवली. एखाद्या मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर हलवतो तशी.

"खाल्लं वहिनी. सप्पा खाल्लं व्हायरसनं."

"अन् नाटक?"

"नाटक कुठी राह्यलं आता? फॉरमॅट माराले लागते."

मला एक गोष्ट खटकत होती. डिस्कमध्ये जागा किती उरली ते मी रोज बघायची, कारण ती फार थोडी उरली होती. ती आजही तेवढीच थोडी दिसत होती. मी म्हणाले, "भाऊजी, खाल्लं असतं तर जागा रिकामी नसती का झाली? हे तं भरलेलंच दिसून राह्यलं."

तो हसला. नवऱ्याकडे बघून हसला, माझ्याकडे बघून नाही. "वहिनी, तुमच्या डब्यातले लाडू नाई हे, का खाल्ले का डबा रिकामा."

नवराही हसला. मी स्वयंपाकघरात गेले आणि वांग्याची भाजी टाकली. त्या हसण्यापुढे गप्प बसले, याचा राग मला दिरापेक्षा स्वतःचाच जास्त येतो. माझं म्हणणं बरोबर होतं, पण मला ते माहीत नव्हतं, आणि त्याला काहीच माहीत नव्हतं, पण त्याच्या खिशात सर्टिफिकेट होतं.

जेवणं होईपर्यंत त्यानं सगळं पुसून टाकलं. मग तीच चोरीची सीडी घालून तोच अँटीव्हायरस पुन्हा टाकला. एवढी मोकळी जागा दिसली म्हणून जाता जाता स्वतःजवळचे पंधरा-वीस हिंदी सिनेमे त्यात भरून दिले. "पाहा आरामात," म्हणाला. मी त्याचे आभार मानून निरोप दिला. खरंच मानले.

गुरुजींना फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. ते आले तेव्हा समोर सांगितलं. ते त्याच लाकडी खुर्चीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई," ते म्हणाले, "ते पुन्हा तसं उतरन का माह्या हातून?"

मी चहा ठेवला आणि त्यात साखर टाकायची विसरले. त्यांनी तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी त्यांची ती हजेरीपटाची जुनी वही घेऊन मी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. पानं फाटायला आली होती, त्यांची प्रत काढून पहिल्यापासून टाइप करणार होते. ते दुकान एक मुसलमान बाई चालवायची. पन्नाशीची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. सगळे तिला आपा म्हणत. मी तिच्याकडे एरवी जात नसे. दिरानं सांगून ठेवलं होतं, गावातले सगळे व्हायरस त्या झेरॉक्सच्या दुकानातून निघतात.

"इतनी जुनी वही काऊन काढली बाई?" आपानं पान काचेवर सरळ करत विचारलं. मी सगळं सांगितलं. ती मशीनचं बटण दाबायची थांबली.

"बाण होते? फोल्डरवर छोटे छोटे?"

"हो."

"डिस्क भरलेली दिसत होती का रिकामी?"

"भरलेली."

आपानं चष्मा काढला. "मग खाल्लं कुठी? अरे, तो तर लपवून ठेवतो फक्त. फाइल जागेवरच राहाते. तुमच्या भाऊजीनं चोराच्या नावानं स्वतःच घर साफ करून टाकलं."

मी पर्समधून तो पेनड्राइव्ह काढला. बिघडला म्हणून फेकायचाच होता. आपानं कोपऱ्यातल्या एका वेगळ्या, जुनाट कॉम्प्युटरला तो लावला. नुसता लावला, उघडला नाही. आधी त्याची तपासणी केली, मग एका काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली आणि एंटर मारलं. बाण राहिले बाजूला, आणि त्यांच्याखाली माझे फोल्डर एकामागून एक उभे राहिले. पहिला अंक. दुसरा अंक. गाणी. मला दुकानात रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

"घरच्या कॉम्प्युटरमधला तिसरा अंक?" मी विचारलं.

"फॉरमॅटनंतर काही टाकलं का त्याच्यात?"

"सिनेमे."

आपानं शिवी दिली. उर्दूत होती, पण कळायला अडचण आली नाही. "नाई तो कुछ तो निकलता. आता त्याच्यावर नाचगाणं बसलंय."

तिनं खरोखर प्रयत्न केला. माझ्या घरी आली, अर्धा दिवस बसली. सिनेमांचे तुकडे निघाले, तिसरा अंक नाही. त्या दिवशी तिनं चोरीचा अँटीव्हायरस काढला तेव्हा म्हणाली, "चोराकडून कुलूप घेतलं तुमच्या भाऊजीनं. याच्या पोटातच काय काय होतं." दुसराही काढला. कॉम्प्युटरसोबत येतो तो एकटा ठेवला आणि तो दर आठवड्याला ताजा होतोय की नाही हे कसं बघायचं ते दाखवलं. मला रोजच्या कामासाठी वेगळं खातं काढून दिलं, ज्यातून मला नवीन काही बसवताच येणार नाही. मी म्हटलं, माझ्याच घरात मला अधिकार नाही? ती म्हणाली, "तुमच्या नावानं दुसराच कुणी येस म्हणतो, त्याचा अधिकार काढला." येसचं मी तिला सांगितलं होतं. ती पदरात तोंड घालून हसली होती.

आणि एक सवय तिनं मला अक्षरशः दटावून लावली. रोज काम संपलं की एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर, आणि तो ड्राइव्ह काढून कपाटात. "लावून ठेवला तर त्याचा काय फायदा? व्हायरस दोघांनाबी पाहून जातो." एवढी साधी गोष्ट. तीन महिन्यांच्या कोर्सात ती शिकवत नसतील, किंवा त्या दिवशी आमचा तज्ज्ञ गैरहजर असेल.

तिसरा अंक गुरुजींनी पुन्हा लिहिला. मंगल कार्यालयात दुपारची तालीम चालायची, तिथे मी वही घेऊन बसले. बापाचं काम करणारा नट म्हातारा होता, त्याला लिहिता-वाचता बेताचंच यायचं, म्हणून तो ऐकलेलं धरून ठेवायचा. फोनवर एकदाच ऐकलेला तो अंक त्यानं अर्ध्याहून जास्त सांगितला. गुरुजी ऐकत होते. मध्येच म्हणाले, "हे मी नाई म्हटलं होतं." म्हातारा म्हणाला, "म्हटलं होतं गुर्जी. तुम्हीच म्हटलं." जिथे दोघांनाही आठवेना तिथे नवीन भरलं. नाटक त्या हंगामात चाललं, पुढच्या वर्षीही मागणी आली. लोकांना काही उणं वाटलं नाही. गुरुजींना वाटलं. शेवटच्या प्रवेशात बाप पोरीला काहीतरी बोलतो, तिथलं मूळ वाक्य त्यांना कधीच सापडलं नाही. भेटले की अजून म्हणतात, ते काही वेगळं होतं बाई.

उन्हाळ्यात दीर आला, खिशात पेनड्राइव्ह. त्याला एक अर्ज छापायचा होता. नेहमीप्रमाणे सरळ खुर्चीकडे गेला.

"थांबा भाऊजी. आधी तपासते."

"माह्या पेनड्राइव्हवर शंका?"

मी तो त्याच्या हातातून घेतला. लावला, तपासणी सुरू केली. तो माझ्या खांद्यावरून बघत होता. पहिलं लाल नाव आलं तेव्हा म्हणाला, हा जुना असन. मग दुसरं आलं, तिसरं आलं. शेवटी यादी पडद्याच्या खाली गेली. तो म्हणाला, "तुमच्याच कॉम्प्युटरमधून आले असतीन." नवरा दारात उभा होता. या वेळी तो हसला नाही. फक्त म्हणाला, "बस न बे, वहिनी करून देते."

मी साफ करून दिलं, अर्ज छापून दिला. मनातून मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी. आणि तरीही, त्याला ते वाक्य बोलून दाखवावं, तू नाटक मारलंस, तू, व्हायरसनं नाही, हे माझ्या ओठांवर आलं आणि मी गिळलं. जावेचा चेहरा समोर आला, सणासुदीची पंगत समोर आली. अशी माणसं आपल्याच घरांत आपण पोसतो. त्यांना बढती मिळते.

त्याला मिळाली. मागच्या वर्षी त्याच्या कार्यालयानं बचत गटाच्या बायांसाठी कॉम्प्युटर आणि मोबाइल सुरक्षित कसा ठेवावा याचं एक दिवसाचं शिबिर घेतलं, आणि शिकवायला त्यालाच उभं केलं. त्यानं मला फोन करून बोलावलं. "नवीन शिकणाऱ्यासाठी हाय वहिनी, तुमच्या कामाचं हाय." मला त्या दिवशी टाइपिंगचं काम होतं असं सांगितलं. दुपारी आपाच्या दुकानात गेले आणि तिला ही बातमी दिली. ती कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती जुळवत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या. उद्यापासून बाणवाले पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गर्दी होईन." मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि प्रती जुळवू लागले.