कलिहारी की कळलावी

आमच्या सर्व्हेच्या दुर्बिणीत जग उलटं दिसायचं. माणसं आभाळाला पाय लावून चालायची, बैलगाड्या चाकं वर करून जायच्या आणि आमचे सुपरवायझर साहेब टोपीवर उभे राहून ओरडायचे. तेव्हाच्या दुर्बिणीच तशा होत्या. भिलाईत कारखाना उभा राहत होता, सेक्टर दोनमध्ये क्वार्टरांच्या रांगा निघत होत्या, आणि रस्ते-नाल्यांच्या रेषा आखणाऱ्या टोळीत मी होतो. रेषेवर खुंट्या ठोकायच्या, खुंटीला लाल चिंधी बांधायची आणि दुर्बिणीतून चिंधीशी चिंधी जुळवायची. काम सोपं होतं. पण सोप्या कामात माती खायला मला कधी कुणाची मदत लागलेली नाही.

श्रावणातल्या एका सकाळी मी दुर्बिणीत लाल चिंधी धरली आणि हात हलवून मजुरांना पुढची खुंटी ठोकायला सांगितली. मग तिच्यापुढची. दुपारी साहेब आले, रेषेच्या टोकाशी उभे राहिले आणि एक डोळा मिटून त्यांनी खुंटीमागून खुंटी पाहिली. शेवटी म्हणाले, "क्यों भाई, ये नाली फूल सूँघने जा रही है क्या?"

खरंच चालली होती. आमची नाली सरळ रस्ता सोडून रिसाली गावाच्या बाजूच्या बोरीच्या झुडपात शिरत होती, आणि मी जिला चिंधी समजलो होतो ती झुडपातून डोकं काढून डोलत होती. मजुरांनी हसत हसत खुंट्या उपटल्या. मी फूल बघायला गेलो.

दुर्बिणीत ते भल्या घरच्या फुलासारखं दिसलं होतं, पाकळ्या खाली सोडलेलं. समोर जाऊन बघतो तर उलटंच! तोंड जमिनीकडे आणि पाकळ्या वर, चुलीतल्या जाळासारख्या उभ्या. कडा झालरीसारख्या मुरडलेल्या. बुडाशी पिवळी, टोकाला लाल. केसर चहूबाजूंनी आडवे पसरलेले. वेलाला स्वतःचा कणा म्हणून नाही, पण प्रत्येक पानाच्या टोकाला बारीक शेपूट, आणि त्या शेपटीने तो बोरीचा काटा न् काटा धरून वर चढलेला. त्या मुरमाड जमिनीत, जिथे आमच्या लोखंडी पहारीही वाकत, तिथे हे इतकं नखरेल प्रकरण कसं उगवलं कोण जाणे. आख्ख्या भिलाईत माझ्या दुर्बिणीला सरळ दिसलेली ती एकच वस्तू. मला तिचा जरा लळाच लागला.

त्यातून घरी माझी एक अडचण चालू होती. बायकोला नववा लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. तिचं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं. सासूबाई सातव्यातच न्यायला यायच्या होत्या, पण धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आलेली. बांध्यांमध्ये चिखल तयार असताना तिकडे कुणी लेकीलाही आणायला जात नाही. त्यांनी निरोप पाठवला होता, रोवणी संपली की येतो आणि घेऊन जातो. मला मात्र बायको इथेच हवी होती. इथे नवा दवाखाना होता, आणि मला सुट्टी मिळायची नव्हती. माहेरी मूल झालं असतं तर मला त्याचं तोंड थेट दिवाळीला दिसलं असतं. मी रेल्वेवाल्याचा मुलगा. माझ्या वडिलांनी आम्हा सगळ्या भावंडांची तोंडं ड्यूटीवरून परतल्यावर, शिळी झाल्यावर पाहिली होती. मला ताजं तोंड पाहायचं होतं.

"माय आली का मी काईच बोलनार नाई," बायकोने आधीच सांगून टाकलं. "तुमचं तुमी पाहा."

"पण तुला काय पाहिजे?"

"मले लिंबाचं लोनचं पायजे."

म्हणजे सासूबाईंशी मलाच बोलायचं होतं, आणि त्यांच्याशी बोलणं म्हणजे भांडणं, हे मी लग्नातच अनुभवलं होतं. घरात शांतता राहील असा काही उपाय मी शोधत होतो. तो उपाय मला फुलाच्या नावात सापडला.

झालं असं, की मी ते फूल खिशाला लावून घरी आणलं आणि गल्लीत त्याचं नाव विचारत सुटलो. शेजारच्या क्वार्टरातल्या बंगाली वहिनी म्हणाल्या, "उलटचंडाल." नाव चोख होतं, पण बायकोसमोर उच्चारायची हिंमत झाली नाही. मग रिसालीचा दूधवाला आला. माप तसंच हातात धरून म्हणाला, "ये तो कलिहारी आय, बाबू. येला घर मा काबर लाने हस?"

घरात का आणलंस, हा त्याचा प्रश्न माझ्या कानात शिरलाच नाही. कानात फक्त नाव शिरलं. कलिहारी! शाळेत संस्कृतात मला जेमतेम पास केलं होतं, पण त्या जेमतेमचा माज फार. मी दूधवाल्यादेखतच बायकोला समास फोडून दाखवला, "कलि म्हणजे भांडण. हारी म्हणजे हरण करणारी. तापहारी, दुःखहारी, तशी ही कलिहारी. घरातलं भांडण पळवून लावणारी!"

बायको दुधाचं भांडं घेऊन उभी होती. तिने फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, विद्वत्तेने भारावली.

"खरंच का जी?" ती म्हणाली. "मंग दारातच लावा ना. माय येऊन राहिली परवा."

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर मी फावडं घेऊन बोरीत शिरलो. काट्यांनी शर्टाची एक बाही ठेवून घेतली. खाली खणलं तर कंदही गमतीचा, आमच्या आजोळच्या नांगरासारखा कोनात वाकलेला. मातीच्या ढेकळासकट तो पोत्यात घालून आणला आणि दाराच्या अगदी उंबऱ्याजवळ, कुंपणाच्या तारेलगत पुरला. वेल रात्रभर मान टाकून पडला, पण पुढच्या सकाळी त्याच्या शेपट्यांनी तार धरली आणि वरची एक कळी उमलली. सासूबाईंच्या स्वागताला अगदी वेळेवर.

दुर्गच्या स्टेशनावरून मी त्यांना रिक्षाने आणलं. डोक्यावर गाठोडं, हातात मुरमुऱ्याच्या लाडवांचा डबा, पायाच्या नखांत अजून रोवणीचा चिखल. वाटभर त्या कारखान्याच्या चिमण्या बघत होत्या आणि मी मनात भाषण जुळवत होतो. क्वार्टरापाशी रिक्षा थांबली. सासूबाईंनी एक पाय खाली ठेवला आणि दुसरा रिक्षातच राहिला.

"हे काय हाये जी, जावईबापू?"

"कलिहारी, मामी," मी ऐटीत म्हणालो. "मुद्दाम लावली. घरातली भांडणं हरण करते."

"कोन म्हनते?"

"संस्कृत म्हणतं."

"संस्कृतले म्हना, आमच्या बांधावर ये आन पाहून जा!" त्यांचा आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेला असावा, कारण बंगाली वहिनी बाहेर आल्या. "कळलावी हाये हे, कळलावी! हे ज्याच्या घरात आनलं त्याच्या घरात कळ लागते. आमच्या इकडं कोनाचं घर फोडायचं असन तं याचं फूल चोरून छपरात खोसते मानूस. आन तुमी सोताच्या हातानं दारात लावलं? कावून? मी येऊन राहिलो म्हनून?"

मी बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी राहून लोणच्याच्या बरणीत फार बारकाईने काहीतरी शोधत होती.

"पण मामी, नावाचा अर्थ बघा..."

"अर्थ मले नोका सांगू!" म्हणत त्यांनी दुसरा पायही खाली ठेवला. त्यांची नजर फुलावरून लेकीच्या पोटावर गेली, पोटावरून उंबऱ्यावर. "ह्याचा कांदा कुठं हाये?"

"इथेच. उंबऱ्यालगत."

"आन हे पोरगी रोज ह्याच्यावरून ये-जा करून राहिली?"

तेव्हा मला नावाचा दुसरा अर्थ कळला. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून सुइणी याचा कंद उगाळून पोटाला लेप लावत. फार विषारी चीज. पोटात गेली तर माणूस जातो. बायकांमधली माहिती, आमच्या सर्व्हेच्या टोळीत ती कुणी सांगावी? संस्कृतवाल्यांनाही ठाऊक होती म्हणे. पुढे एका वैद्यांकडे विचारलं तर त्यांनी नावांची माळच म्हणून दाखवली. नांगरासारख्या कंदावरून लांगली आणि हलिनी, रंगावरून अग्निशिखा, आणि ह्या अवगुणावरून गर्भनुत्, म्हणजे गर्भ ढकलणारी. वर हसून म्हणाले, कलिहारीला कलिकारीही म्हणतात, म्हणजे भांडण लावणारी. 'ह' कुठून आला ते शोधत बसू नका. तो एक 'ह' आधी कळला असता तर माझी बाही वाचली असती.

सासूबाई उंबरा टाळून, मोरीच्या दाराने घरात शिरल्या आणि मटकन खाली बसल्या. आता माझी पाळी होती. भाषण तयार होतं, पण त्यांनीच कपाळाला हात लावला.

"आता कशी नेऊ जी मी हिले? गाडीचे धक्के, गोंदियात गाडी बदला, मंग बैलाचं खाचर. ह्याच्यावरून ओलांडून आलेली पोरगी. वाटंतच कळा लागल्या तं? नाई बापा. आता हिले जागची हालवत नाई मी. इथंच राहीन बाळंत होतपर्यंत."

मी भाषण गुंडाळून ठेवलं. आयुष्यात एवढा मोठा वाद मी न बोलता पुन्हा कधी जिंकलेलो नाही.

वेल मात्र लगेच हलवायचा होता. सासूबाई पाठीशी उभ्या, हातात वहाण. "हातात पोतं घ्या! अख्खा काढा! आन कोनाच्या दारात नोका फेकू, त्याच्या घरात कळ लागन." मी पोतं खांद्यावर टाकून सेक्टर दोनच्या गल्ल्यांतून निघालो, तर सगळीकडे दारंच दारं. सुपरवायझर साहेबांच्या कुंपणापाशी पाय जरा रेंगाळला, खोटं कशाला सांगू. पण साहेबांच्या घरात आणखी भांडणाला जागा नव्हती. शेवटी बोरीच्या झुडपात, जिथून आणला तिथेच तो नेऊन पुरला.

कंदाने काही केलं नाही. मूल पुरे दिवस भरून, दवाखान्यात, भर दुपारी झालं. भांडणं मात्र सासूबाईंनी आणि मी रोज केली. भातात पाणी किती यावरून, दवाखान्यातल्या खाटेच्या दिशेवरून, मी शीळ घालतो यावरून. नाव सार्थ झालं ते एवढंच. साहेबांनी तासाभराची सूट दिली ("जाओ, आज नाली सीधी मत करो") आणि मी धापा टाकत पोचलो. मल्याळी नर्सने कापडात गुंडाळलेली मुलगी पुढे केली. लालबुंद, वळलेल्या मुठी हवेत, जावळाची शेंडी उभी, आणि आरडाओरड अशी की वॉर्डातली बाकीची मुलं गप्प.

"कळलावी आली," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच इतकं हसू आलं की पदराने डोळे पुसावे लागले. नर्सने विचारलं, म्हणजे काय? मी फुलाचं वर्णन करून सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे मेन्दोन्नी. हेच मल्याळी नाव युरोपातल्या जुन्या लॅटिन ग्रंथांत चढलं होतं, आणि नंतर कुणा पंडिताने ते काढून 'गौरवशाली, उत्तम' अशा अर्थाचं नाव ठेवलं, असं पुढे वाचलं. त्या पंडिताला सासू नसावी.

संध्याकाळी सासूबाई चहा प्यायला बाहेर गेल्या तेव्हा मी बायकोला हळूच म्हटलं, "तू धानाच्या बांधावर वाढलीस. तुला ते फूल माहीत नव्हतं?"

तिने मुलीच्या तोंडावरचं कापड सारखं केलं.

"तुमी येवढं समास फोडून सांगून राहिले, त मधात कावून बोलू?" ती म्हणाली. "आन मले बी इथंच राहाचं होतं ना."