होल्ड कोणी मारला?

"सोमवारच्या आधी उत्तर द्यायचंच नाही," मी प्रिन्सिपलसाहेबांना फोनवर सांगितलं. त्या दिवशी मंगळवार होता आणि श्रुती घरतला तिचे कागद शुक्रवारी सकाळी हवे होते.

मी बेलापूरला वकिली करते. सीवूड्सजवळच्या एका कॉलेजचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. ॲडमिशनचे वाद, स्टाफच्या नोटिसा, असलं रुटीन. श्रुती तिथे शेवटच्या वर्षाला होती, कबड्डीच्या टीमची मुख्य रेडर. एका सरकारी कंपनीत खेळाडू कोट्यातून तिची निवड झाली होती आणि शुक्रवारी डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन होतं. म्हणजे मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, खेळाची सर्टिफिकेटं, सगळं ओरिजिनल घेऊन हजर राहायचं. झेरॉक्स चालत नाही. नाही गेलं, तर वेटिंग लिस्टमधला पुढचा माणूस तयारच असतो.

आणि तिचे ओरिजिनल होते जिमखान्याच्या कपाटात. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. स्पोर्ट्स कोट्यातून ॲडमिशन झाली की "तुमच्याकडून हरवतील" म्हणत जिमखान्याचे सर ओरिजिनल जमा करून घेतात. मुलंही विश्वासाने देतात. पुढे खेळाडू कुठे जायचं म्हणाला, की कपाटाची किल्ली सापडत नाही. श्रुतीला सरांनी सांगितलं होतं, पुढच्या आठवड्यात इंटर-कॉलेजची फायनल आहे, ती खेळ आणि मग कागद घेऊन जा.

कायदा इथे सरळ आहे. गॅरेजवाल्याने गाडी दुरुस्त केली, तर बिल मिळेपर्यंत तो गाडी अडवू शकतो. याला लीन म्हणतात. कॉलेजला विद्यार्थ्याच्या मार्कशीटवर असला काही हक्क नाही. मला हे पाठ होतं. तरी मी सोमवार सांगितला. अर्जाला उत्तर द्यायला सात दिवस लागले, यात बेकायदा काही दिसत नाही. आमच्या धंद्यात भिजत घोंगडं हेही एक हत्यार आहे.

असं का केलं, ते आता लिहायला हरकत नाही. मला त्या मुलीचा हेवा वाटला होता.

मीही रेडर होते, साताऱ्याकडच्या कॉलेजात. ज्युनिअर गटाच्या राज्य शिबिरासाठी माझं नाव आलं. वयाच्या पुराव्याला शाळा सोडल्याचा ओरिजिनल दाखला हवा होता आणि तो असाच कपाटात होता. सर म्हणाले, फायनल झाली की घे. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "सरांशी वाद घालायचा नाही. माफी मागून ये." मी माफी मागितली. कशाची, ते आजही माहीत नाही. फायनल खेळले, दाखला मिळाला, तोवर शिबिर सुरू झालं होतं. पुढच्या वर्षी वय बसलं नाही. अण्णांनी तो दाखला लॅमिनेट करून आणला. अजून चकाकतो.

आणि ही पोरगी! एका पानाचा अर्ज, स्वतः लिहिलेला. खाली प्रत युनिव्हर्सिटीला. वाचून माझ्या पोटात दुखायला लागलं. त्यात प्रिन्सिपलसाहेब म्हणाले, "वडील पण आले होते मॅडम. कंटेनर यार्डातून हाफ डे टाकून. केबिनबाहेर दोन तास उभे. ओरडले नाहीत की काही नाही, पण हललेही नाहीत."

ते मला जास्त झोंबलं.

बुधवारी दुपारी बापलेक माझ्या ऑफिसात आले. घरतभाऊ उरणकडच्या जासई गावचे. न्हावा शेवा बंदराला येणाऱ्या कंटेनरची नोंद ठेवायचं काम करतात. मी आधीच सांगून टाकलं, "मी कॉलेजची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही तुमचा वकील बघा."

"माहीत हाय मॅडम. वकील नको. एक कागद पायजे." त्यांनी वहीचं पान पुढे केलं. पट्टीने चार रकाने आखले होते. कागदाचं नाव, अडवल्याचं कारण, अडवणाऱ्याचं नाव, सही.

"हे काय?"

"आमच्या यार्डात कंटेनर अडवला तर होल्ड मारतात. पन होल्ड असा तोंडी नाय लागत. कोनी मारला, कशापायी मारला, ते लिवायला लागतं. नायतर गेटवाला विचारतो, कोनाचा होल्ड? मी तुमच्याकडं पोरीचे कागद मागतच नाय. होल्ड कोनी मारला तेवढं लिवून द्या. शुक्रवारी कंपनीच्या सायबांना दाखवीन."

मी श्रुतीकडे वळले. माझा सूर चांगला नव्हता. "चार दिवस थांबून फायनल खेळली असतीस तर काय बिघडलं असतं? टीमचा काही विचार?"

"फायनल मी खेळनारच हाय, मॅडम. जॉइनिंग पुढच्या महिन्यात हाय. सरांना तसं लिहून पन दिलंय. त्यांना फाईल सोडायची नाय, बस."

तिला लिहून देणं सुचलं होतं. तिच्या वयात मला साधं विचारणंही सुचलं नव्हतं. मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. आता दटावतील, मॅडमशी असं बोलू नये म्हणतील. त्यांनी फक्त वहीचं पान टेबलावर सरळ केलं आणि उठले. मला त्या क्षणी ती मुलगी अजिबात आवडली नाही.

रात्रभर विचार वगैरे केला नाही. पण गुरुवारी सकाळी ते पान घेऊन कॉलेजवर गेले. मनात होतं, कोणीतरी सही करेल, कारण लिहील, आणि माझ्या डोक्याचा ताप जाईल.

जिमखान्याचे सर म्हणाले, "मी कशी करू सही? मी फक्त सांभाळतो."

हेडक्लार्क म्हणाले, "आम्हाला लेखी ऑर्डरच नाही."

प्रिन्सिपलसाहेब म्हणाले, "हा जिमखान्याचा विषय आहे."

वर्षानुवर्षं होल्ड मारणारे सगळे जण एका वहीच्या पानापुढे अळीमिळी गुपचिळी. मग साहेबांना उपाय सुचला. "मॅडम, तुम्हीच करा ना सही. आमच्या वतीने."

मी पेन काढलं. कारणाच्या रकान्यावर टेकवलं. खरं कारण लिहायचं, तर कॉलेजचं नव्हे, माझंच लिहावं लागलं असतं. मला मिळालं नाही, म्हणून तिलाही नको. पेनाचा एक ठिपका तेवढा उमटला.

"साहेब, कागद आजच द्या," मी म्हणाले. "मंगळवारचा सल्ला चुकीचा होता."

"अहो, पण सोमवार तुम्हीच सांगितलात!"

"हो. मीच सांगितला."

किल्ली सरांच्या खिशातच होती. कपाटात खेळाडूंच्या फायलींची चळत होती. श्रुतीला फोन केला, तासाभरात दोघं आले. घरतभाऊंनी एकेक कागद उजेडात धरून तपासला, वहीच्या पानावरच्या यादीवर टिक मारली आणि मिळाल्याची सही केली. त्यांच्या सहीत एक अक्षरही घाईचं नव्हतं.

श्रुती फाईल छातीशी धरून म्हणाली, "थँक्यू, मॅडम. बाकीच्यांच्या फायली?"

थँक्यूवर गप्प बसायचं सोडून ही पुढची केस लढत होती. मी म्हटलं, "बघू." आणि मग बघितलंही. आठवडाभरात सगळ्या फायली मुलांना परत केल्या.

शुक्रवारी तिचं व्हेरिफिकेशन झालं. पुढच्या आठवड्यात ती फायनल खेळली आणि कॉलेज दोन पॉइंटनी हरलं. सरांच्या मते त्याला मी जबाबदार. वर्षअखेरीस कॉलेजचं काम दुसऱ्या वकिलांकडे गेलं. तक्रार नाही. मंगळवारच्या सल्ल्याबद्दल ते तेव्हाच जायला हवं होतं.

हेवा गेला का? नाही. श्रुतीचा नोकरीतला पहिला फोटो कोणीतरी पाठवला, तेव्हाही आधी पोटात दुखलं आणि मग मी शुभेच्छा पाठवल्या.

आता खेळाडू माझ्याकडे येतात. ओरिजिनल कोणाच्याही कपाटात ठेवायचे नाहीत आणि अडवलेच, तर अडवणाऱ्याची सही मागायची, एवढं मी फुकट सांगते. केस ऐकण्याआधी दोन प्रश्न विचारते. ओरिजिनल कुठे आहेत? आणि सोबत कोण आलंय?

दुसऱ्या प्रश्नाचा केसशी काही संबंध नाही. कोणी आलं नसेल, तर जिमखान्यात मी स्वतः जाते.