मुगावर खाट

लग्न होऊन रनाळ्याला आले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, विहिरीजवळचा तुकडा माझ्या हौसेवर सोडला. मी उन्हाळी मूग पेरला. भर दुपारी मुगाची पानं उभी राहिली की आबांना वाटे, तहान लागली. ते मोटर चालू करायचे. पाणी साचून मुळं कुजली, मूग हातचा गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बजावलं, यंदाही गेला तर तिथं कापूस.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली. पानाला ऊन हवं, पण झेपेल तेवढंच. जास्त झालं की अन्न बनवणारी आतली यंत्रणाच बिघडते. काही जास्तीचं ऊन पान उष्णता करून बाहेर टाकतं. मूग त्यापुढे जाऊन पानं उभी करतो आणि उन्हापासून चक्क अंग चोरतो. हे आबांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

एका दुपारी लाइट आली आणि उभी पानं बघून आबा मोटरच्या बटणाकडे निघाले.

"पानी मांगी ऱ्हायना तो."

"आबा, माटी वली शे. जरा थांबा."

मी मुळाशी बोट खुपसून ओल दाखवली, मग तरातरा घरी गेले आणि खाट डोक्यावर घेऊन आले. वाटेत शेजारच्या काकांनी विचारलं, "कोन आजारी शे?" उत्तर द्यायची सवड कुणाला होती! खाट मुगाच्या ओळीवर ठेवली, वर गोणपाट टाकलं. पाण्याचा थेंब नाही, फक्त सावली.

आम्ही बांधावर निंबाखाली चहा घेतला. मला धाकधूक होतीच. पुस्तकातलं खरं, पण हा मूग ऐकेल का?

वाकून बघितलं. खाटेखालची पानं पंजे पसरावेत तशी आडवी उघडली होती. बाहेरची, त्याच ओलीतली, अजून उभीच. आबा एकदा आत, एकदा बाहेर बघत राहिले. मला तर नाचावंसं वाटलं.

"तुन्हं वावर, तुन्हं खरं," ते म्हणाले आणि मोटरकडे न जाता घरी गेले.

त्या उन्हाळ्यात मूग असा लागला की शेंगा तोडायला शेजारणी बोलवाव्या लागल्या. पुढच्या वर्षी काकांनीही मूग पेरला. एका दुपारी ते धावतच आले. पानं उभी राहिली होती, मोटर चालू करायची का, असं विचारत होते.

आबा ओट्यावर खाट टाकून पडले होते. ते उठले, गोधडी गुंडाळली आणि खाट उचलून काकांपुढे धरली.

"माटी वली शे?"

"शे."

"मंग मोटर ऱ्हाऊ दे. हाई खाट लई जा."