माइकवरची प्रार्थना

स्टॉपची पाटी आली की काका गाडी पूर्ण उभी करायचे. पूर्ण म्हणजे पूर्ण. मग मान डावीकडे, मान उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि "झालं. आता चला," असं स्वतःशीच म्हणून पुढे निघायचे. जानेवारीतली सकाळ, दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आम्ही आपले उभे! मी एकदा शेजारी बसून म्हणालो, "काका, कोणी नाहीये हो. घ्या पुढे." ते म्हणाले, "कोणी नसताना थांबलो नाही, तर कोणी असताना थांबीन कशावरून जी?"

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्या गाडीत बसलं की उशीर होतो, आणि आईवडील भारतातून आले की त्यांना विमानतळावरून आणायला मात्र आपण त्यालाच सांगतो.

डेट्रॉइटच्या उत्तरेला आमचं उपनगर होतं. मी नव्वदच्या सुमारास पुण्याहून व्हिसावर आलेला, आणि काका मूळचे विदर्भातले, नागपुरात शिकून इथे येऊन वीस वर्षं मुरलेले. दोघंही एकाच मोटार कंपनीत, आणि रोज त्यांच्याच गाडीतून जायचो. मी कॉम्प्युटरवर, ते ब्रेकच्या विभागात. देवाने माणूस आणि खातं यांची इतकी अचूक जोडी क्वचितच लावली असेल. हे वाक्य मी एकदा त्यांनाच ऐकवलं, तर म्हणाले, "देवाने नाही, इंटरव्ह्यू घेतला होता त्यांनी." काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तो कोरडा आवाज अजून कानात आहे.

मराठी मंडळाच्या गणपतीला काका दरवर्षी यायचे. आरती सुरू झाली की मात्र ते हॉलच्या बाहेर, पार्किंगमध्ये, उशिरा येणाऱ्यांच्या गाड्या हातवारे करून लावून घेत. आम्हाला वाटायचं, शिस्तीची हौस. काका बौद्ध आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती, शेजारी निळ्या कोटातला फोटो होता. पण आरतीच्या वेळी या गोष्टी कोणाच्या डोक्यात येत नसत. जेवणाच्या वेळी ते आत येत आणि "मोदक दोन द्या, एकानं काही होत नाही," असं म्हणून ताट पुढे करत.

त्यांची मुलगी सुजाता हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हाची ही गोष्ट. अमेरिकेत बारावी झाली की मोठा समारंभ असतो. मुलं झगे आणि चौकोनी टोप्या घालून फुटबॉलच्या मैदानावर बसतात, आईबाप बाकांवर बसून रडतात. पूर्वी सुरुवातीला एखादा पाद्री येऊन प्रार्थना म्हणायचा. पण थोड्याच काळापूर्वी इथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला होता, की सरकारी शाळेने आपल्या समारंभात धर्मगुरू बोलावून प्रार्थना म्हणवून घेऊ नये. तेव्हापासून देशभर वाद चालू होता आणि पुष्कळ शाळा पळवाट शोधत होत्या.

आमच्या गावच्या मुख्याध्यापकांनी शोधलेली पळवाट मोठी गोड होती. पाद्री नको, मुलंच म्हणतील. आणि एकाच धर्माची नको, एक ख्रिस्ती, एक ज्यू आणि एक भारतीय. त्यांनी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष हर्षाने इतके फुगले की त्यांनी त्याच फोनवर सुजाताचं नाव देऊन टाकलं. मुलगी हुशार, आवाज खणखणीत, संस्कृत श्लोक झकास म्हणेल! तिला किंवा तिच्या बापाला विचारायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सुजाताने दुसऱ्या दिवशी शाळेत स्वतःच सांगितलं, की ती बौद्ध आहे. मुख्याध्यापकांनी टाळीच वाजवली. "बुद्धिस्ट? इव्हन बेटर!" मग ठरलं, की सुजाता पालीत त्रिसरण, 'बुद्धं सरणं गच्छामि', म्हणेल. पोर आनंदाने घरी आली. काकूंनी तर तिथल्या तिथे नागपूरला फोन लावला. दोन हजार माणसांसमोर, अमेरिकेत, माइकवरून आपलं त्रिसरण! पलीकडे काकूंची बहीण रडायला लागली म्हणे.

सुजाता संध्याकाळी म्हणून पाहू लागली. काका तिला शिकवायचे. "घाई नको करू. श्वास घे. शब्द खाऊ नको." एकदा मी पुस्तक परत द्यायला गेलो होतो, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला दारातच थांबवलं आणि स्वतः ऐकत उभे राहिले. इतका खुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

आणि मग एका सकाळी गाडीत, काही संबंध नसताना, ते म्हणाले, "मी शाळेच्या बोर्डाच्या मीटिंगला जाऊन राहिलो. प्रार्थना नको म्हणून सांगणार."

मला वाटलं, ख्रिस्ती प्रार्थनेबद्दल बोलत असतील. "कुठली?"

"सगळ्याच. आमचीसुद्धा."

"अहो काका, सुजाताला चान्स मिळालाय! काहून उगाच..." त्यांच्यासोबत राहून माझ्याही तोंडात 'काहून' बसलं होतं.

त्यांनी आधी गाडीचा वेग कमी केला. मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो आहे. "गावच्या शाळेत सरस्वतीपूजन असायचं. सगळ्यांनी हात जोडून प्रार्थना म्हणायची. मला अख्खी पाठ होती. मग प्रसाद. गुरुजी बाकीच्यांच्या हातावर ठेवत. माझ्या हातात वरून टाकत. अर्धा खाली सांडे. पुढच्या वर्षी मी प्रार्थना आणखी मोठ्यानं म्हटली. मला वाटायचं, मोठ्यानं म्हटलं तर हातावर ठेवतील. छप्पन साली वडिलांबरोबर दीक्षा घेतली. मग त्रिसरण आमचं झालं. ते कोणी वरून टाकलं नाही. म्हणून सांगतो, शाळेत कोणाची का असेना, प्रार्थना झाली की मागोमाग प्रसादाची लाइन लागते. कोण पुढे, कोण मागे, ते मास्तर ठरवतो. त्या मैदानात एखादं पोरगं असंल, ज्याची यातली एकही नाही. त्यानं काय करायचं?"

"पण सुजाता?"

"तिलाच तर सांगता येऊन नाही राहिलं," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक वळण चुकवलं.

मीटिंग शाळेच्या लायब्ररीत होती. मी गेलो होतो. काकांच्या समोर राहणाऱ्या मिसेस हॅरिसही आल्या होत्या. सत्तरी उलटलेल्या, एकट्या, चर्चला न चुकता जाणाऱ्या. त्यांच्या दारातला बर्फ काका दर हिवाळ्यात काढायचे आणि त्या काकांकडे घरी भाजलेला 'ॲपल पाय' पाठवायच्या. त्यांचा नातू सुजाताच्याच वर्गात होता. त्यांनी उठून सांगितलं, की माझ्या समारंभात प्रार्थना झाली, माझ्या मुलाच्या झाली, आता नातवाच्याच तेवढी का नको? खरं सांगतो, मला त्यांचंही पटलं.

मग काका उठले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ते इंग्रजीत म्हणाले, "माझ्या मुलीला आमची प्रार्थना म्हणायला सांगितलं आहे. या देशात ती माइकवरून ऐकावी अशी मला फार इच्छा आहे. तरी माझी विनंती आहे, की शाळेने ती म्हणवून घेऊ नये. आणि दुसरीही कुठली नको. सरकारची शाळा सगळ्या मुलांची आहे. प्रार्थना ज्याची त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या देवळात सुखरूप आहे." एवढं बोलून ते बसले. प्रसादाची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. सांगितली असती तर अर्ध्या लायब्ररीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. परतताना मी विचारलं, तर म्हणाले, "ती आपल्या घरची गोष्ट आहे. इथला मुद्दा इथल्या कायद्यानं सुटते ना, मग ती काहून विकायची?"

बोर्डाच्या वकिलाचंही मत तसंच पडलं. त्या वर्षी प्रार्थना रद्द झाल्या.

मग काय विचारता! मंडळाचे अध्यक्ष फोनवर कडाडले, "आयता चान्स आला होता यार, तुम्ही कॅन्सल करून टाकलात! दुधात मिठाचा खडा!" मिसेस हॅरिसनी हात हलवणं बंद केलं. कोणीतरी काकांच्या पत्रपेटीत बायबलचं पान टाकून गेलं. हे सगळं काका झेलत होते. पण घरात सुजाता बोलेना. विचारलं तर "फाइन", नाहीतर "ओके". एकदा माझ्यादेखतच तिचा स्फोट झाला.

"इट वॉज माय ग्रॅज्युएशन, बाबा! यू नेव्हर इव्हन आस्क्ड मी!"

काका म्हणाले, "विचारायला पाहिजे होतं."

"अँड देन? मी नाही म्हटलं असतं तर? यू वुड हॅव गॉन एनीवे!"

यावर काकांनी खोटं बोलायला हवं होतं. तुम्ही-आम्ही बोललो असतो. ते म्हणाले, "हो. गेलो असतो." ती दार आपटून वर गेली. काकू पाठ फिरवून ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि काका जेवणाचं ताट तसंच समोर ठेवून बसले. मला तिथून निघून जावंसं वाटलं, आणि जाववेनाही.

समारंभ जूनमधल्या एका संध्याकाळी होता. इथे तेव्हा नऊपर्यंत उजेड असतो. आम्ही दोघं नवराबायको काका-काकूंच्या शेजारी बसलो होतो. आमच्या पुढच्याच, एक पायरी खालच्या रांगेत मिसेस हॅरिस होत्या, एकट्याच. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बँड वाजला, राष्ट्रगीत झालं, मुख्याध्यापक बोलायला उभे राहणार, तेवढ्यात मिसेस हॅरिस उठल्या. हात जोडून, डोळे मिटून, त्यांनी आपली प्रार्थना मोठ्याने सुरू केली. माइक नाही, काही नाही. म्हातारीचा आवाज तो केवढा असणार! मग इकडून चार, तिकडून दहा, असे लोक उठत गेले. पुष्कळ जण बसूनही होते. मैदानातली मुलं माना वळवून बघायला लागली.

आता लोक काकांकडे बघणार. आणि काका उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, ती छातीशी धरली आणि मान खाली घालून शांत उभे राहिले. ओठ हलत नव्हते, नुसते उभे.

"अहो, तुमचाच तर विरोध होता ना?" मी खालच्या आवाजात विचारलं.

"शाळेला होता," ते म्हणाले. "ही शाळा नाही जी. ही बाई आहे. आपली शेजारीण."

प्रार्थना संपली. मिसेस हॅरिस बसताना मागे वळल्या आणि त्यांना काका उभे दिसले, हातात टोपी घेऊन. त्यांनी आपली पर्स बाकावरून उचलून मांडीवर घेतली आणि काकूंना पाय ठेवायला जागा करून दिली.

समारंभानंतर सुजाता गर्दीतून आमच्याकडे आली. झगा, सोनेरी गोंडा, हातात डिप्लोमा. काकूंनी तिला जवळ घेतलं. काकांसमोर ती उभी राहिली.

"यू स्टूड अप," ती म्हणाली. "मी बघितलं. फॉर हर प्रेअर. माझ्यासाठी नाही."

काकांकडे प्रत्येक गोष्टीला एक नियम असायचा. त्या वेळी नव्हता. ते इकडेतिकडे पाहू लागले, टोपी उलटसुलट करू लागले. मग एकदम म्हणाले, "सुजाता, मला ऐकायची होती गं. माझ्याइतकी कोणालाच ऐकायची नव्हती." आणि थोड्या वेळाने, "आता म्हणशील?"

"इथे?"

त्यांनी सभोवार नजर टाकली. हिरवळ, शाळेची इमारत, शाळेच्या नावाची पाटी. "इथं नको," ते म्हणाले, "ही शाळेची जागा आहे," आणि चालायला लागले. हिरवळीवरून, गाड्यांच्या रांगेतून, फाटकातून बाहेर. मागोमाग आम्ही. सार्वजनिक फुटपाथ लागला तसे ते थांबले, मागे वळून आपण पुरते बाहेर आलो आहोत ना ते पाहिलं, आणि हात जोडून उभे राहिले.

सुजाताला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. ती इतकी हसली की टोपी पडली, ती काकूंनी उचलली. मग तिने डोळे पुसले, श्वास घेतला आणि सुरुवात केली. गाड्या जात होत्या, कोणी हॉर्न वाजवून पास झालेल्या मुलांना ओरडून शुभेच्छा देत होतं. ती थांबली नाही. एक शब्दही खाल्ला नाही. काकू तिच्याबरोबर म्हणू लागल्या. काकांनी म्हटलं नाही. ते फक्त ऐकत होते, डोळे उघडे ठेवून, तिच्या तोंडाकडे बघत.

तिचं म्हणून झालं. ती डोळे उघडून बापाकडे पाहू लागली.

"पुन्हा एकदा म्हण," ते म्हणाले.