कँटीनमधली दोन बाकं

पॉडकास्ट मी हौसेने सुरू केला नव्हता. औषधांच्या कंपनीतली मनुष्यबळ विभागातली नोकरी सोडून मी सल्लागार झाले, तेव्हा कंपन्यांना माझं नाव कळावं म्हणून सुरू केला. कामाच्या ठिकाणी बायकांना, अपंगांना, बाहेरगावच्या लोकांना कसं वागवलं जातं यावर दर पंधरा दिवसांनी मी कुणाला तरी बोलतं करायचे. पेडण्यातल्या आमच्या घरी, आतल्या खोलीची खिडकी लावून आणि भिंतीला गोधड्या टांगून ध्वनिमुद्रण व्हायचं. नवा भाग तयार झाला की तो माझ्या सगळ्या ग्राहक कंपन्यांना ईमेलने आपोआप जायचा. ती व्यवस्था मी पहिल्याच महिन्यात लावून दिली होती आणि नंतर विसरून गेले होते.

डिचोलीजवळच्या एका कारखान्यात मी वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचे. बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी तिथे जी समिती आहे, तिची बाहेरची सदस्यही मीच. एकदा प्रशिक्षण संपल्यावर पॅकिंगमधली एक बाई हात पुसत माझ्याकडे आली. पंचेचाळिशीची असेल. मूळची चंदगडकडची. तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही सांगितलं ते आम्हालाबी लागू हाय काय? आम्ही ठेकेदाराची माणसं."

मी हो म्हणाले. फार सहज म्हणाले.

मग मी तिला पॉडकास्टसाठी बोलावलं. सुट्टीच्या दिवशी म्हापशाला बस बदलून ती आमच्याकडे आली. मी आत माईक लावत होते, तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "ती घाटीण चाय घेतली गो?" घाटावरून आलेल्यांना आमच्याकडे हिणवून घाटी म्हणतात; माझे कान तापले. पण तीच बाहेरून म्हणाली, "घेतो की, आई." आणि हसली. आई चपापली आणि चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त घेऊन आली. आपण काय बोललो ते आईला कळलं होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास ती जपूनच बोलली. मग मी जेवणाच्या सुट्टीबद्दल विचारलं. कँटीनमध्ये बायकांसाठी दोन लांब बाकं होती. एक पंख्याखाली आणि एक हात धुवायच्या बेसिनला लागून. पंख्याखालचं इथल्या बायकांचं, बेसिनजवळचं घाटी बायकांचं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती चुकून पंख्याखाली बसली, तेव्हा तिथल्या बायका आपापला डबा उचलून एकेक करून उठल्या.

"कोण काय बोललं न्हाई," ती म्हणाली. "बोलल्या असत्या तर भांडलो असतो. आता गप उठून गेलेल्या माणसाशी काय भांडणार?"

त्यानंतर अकरा वर्षं ती बेसिनजवळच जेवत होती.

नाव, गाव, कारखाना काहीही येऊ देणार नाही असा शब्द मी तिला दिला होता, आणि काटछाट करताना तो पाळलाही. डिचोली काढलं, चंदगड काढलं, पॅकिंग काढलं, अकरा वर्षंही काढली. बाकांची गोष्ट मात्र ठेवली. ती पुन्हा पुन्हा ऐकताना मला वाटलं होतं, यापेक्षा चांगला भाग आजवर झालेला नाही. एक बाक पंख्याखाली आणि एक बेसिनजवळ असलेलं कँटीन ज्याने पाहिलंय तो एका क्षणात ओळखेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

भाग बाहेर पडल्यावर चार दिवसांनी कारखान्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला. भाग ऐकला, फार अस्वस्थ झालो, आम्ही लगेच पावलं उचललीत, असं ते म्हणाले. स्वर अगदी मऊ होता. खोटं कशाला सांगू, फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. आपल्या कामाचा कुठेतरी उपयोग झाला असं वाटलं. त्यांच्यापर्यंत भाग कसा पोचला हा प्रश्न मला त्यानंतर पडला, आणि उत्तर शोधायला ईमेल उघडावी लागली.

पुढच्या मंगळवारी समितीची बैठक होती. व्यवस्थापकांनी मला आधी कँटीन दाखवलं. दोन्ही बाकं गेली होती. गोल टेबलं आणि नव्या खुर्च्या मांडल्या होत्या. पॅकिंगच्या दारातून मी डोकावले तर तिच्या जागी दुसरीच बाई होती. शेजारच्या बाईला विचारलं, तर तिने खोक्यावरची नजर न काढता सांगितलं की ती आता येत नाही.

बैठकीत मी हा विषय काढला. अध्यक्षबाई माझ्या चांगल्या परिचयाच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही समिती फक्त एका प्रकारच्या तक्रारीसाठी आहे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय." ते खरं होतं. व्यवस्थापक म्हणाले, ठेकेदाराच्या माणसांमध्ये आम्हाला पडता येत नाही. ठेकेदाराला फोन केला, तर तो म्हणाला काम कमी झालं. पणजीला कामगार खात्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकलं आणि तिचं नेमणूकपत्र मागितलं. तिला ते कधी मिळालंच नव्हतं. मग त्यांना स्वतःला येऊ द्या, तो म्हणाला. तिचा फोन तर बंदच होता.

तीन आठवड्यांनी तो लागला. वास्कोला बहिणीकडे राहून ती मासे गोठवायच्या कारखान्यात लागली होती. मी भेटायला येऊ का विचारलं. ती म्हणाली, "या की."

कारखान्यापासून जरा लांब, बसथांब्यावर आम्ही बसलो. रोज बर्फात हात घालून तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती. ती नखाने सालपटं काढत होती.

"मॅडम, तुमचं ते किती लोक ऐकतात?"

"फार नाही. शंभर-दीडशे."

"मग नेमकं त्यांनाच कसं घावलं?"

मी सांगितलं. आपोआप जातं, पण माझ्याकडूनच जातं. मी पाठवलं असंच समजा.

ती रागावली असती तर मला बसणं सोपं गेलं असतं. तिने फक्त मान हलवली, जशी आपण डॉक्टरने सांगितलेल्या आजाराच्या नावावर हलवतो. मी म्हणाले, तो भाग काढून टाकते. तिने विचारलं, आता काढून काय होणार? मी म्हणाले, कामगार खात्यात तुमच्याबरोबर येते. एक दिवस खाडा झाला तर इथलंही जाईल, ती म्हणाली. या कारखान्यात कुणाशी बोलू का, चांगलं पत्र देऊ का, हे विचारलं तेव्हा मात्र तिने माझा हात धरला.

"तसलं काय करू नका. हितं तुमचं नाव मला काढायचं नाही."

तिच्या बोलण्यात विखार नव्हता. एखाद्या पोराला विस्तवाजवळून बाजूला करावं तसा तिने माझा हात माझ्याच मांडीवर ठेवला. तिची कामाची पाळी दोनला सुरू होणार होती. परत फोन करते, असं मी म्हणाले. करू नका, असं ती म्हणाली नाही. पण त्यानंतर मी तीनदा केला आणि तिने तो एकदाही उचलला नाही.

तो भाग मी काढला. ती ईमेलची यादीही पुसली. समितीतून बाहेर पडावं असं बरेच दिवस मनात होतं, पण मी अजून तिथेच आहे. मी गेले तर कुणीतरी फक्त सह्या करणारं येईल, अशी मी स्वतःची समजूत घालते. ठेकेदाराच्या कामगारांचा मुद्दा मी प्रत्येक बैठकीत लेखी देते. इतिवृत्तात तो नीट नोंदला जातो, आणि पुढे 'पुढील बैठकीत विचारार्थ' असं येतं. मी ते वाचते आणि सही करते.