डॉक्टरबाईंचा धर्म

मुरबाडात आमचं एकच इस्राएल, म्हणजे यहुदी, घर होतं. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. मुरबाडपासून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता त्यांच्याकडे असायचा. गाव आम्हाला शनवार तेली म्हणे, जरी आमच्या घरात आजोबांपासून कुणी घाण्याला हात लावला नव्हता. शनिवारी आमची चूल पेटत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. कधी आमच्याकडून विस्तव न्यायचा असला तर शेजारीण शुक्रवारीच नेऊन ठेवायची.

मी ठाण्याला मावशीकडे राहून मॅट्रिक झाले आणि घरी येऊन बसले. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी एक पाद्री बाबांना भेटायला आले. वैशाखऱ्याच्या अलीकडे त्यांच्या मिशनचा छोटा दवाखाना होता. हे फादर वसईकडचे, मराठी आमच्यासारखंच बोलायचे. त्यांच्याकडे व्हिएन्नाहून एक डॉक्टरबाई आल्या होत्या आणि त्यांना इंग्रजी-मराठी दुभाषी बाई हवी होती.

बाबांनी एवढंच विचारलं, "तिच्या खाण्यापिण्याचं कसं?"

फादर म्हणाले, "वेगळी चूल मांडून देतो. भांडी तुमची आणा."

तसं ठरलं. रविवारी दुपारी मी बाबांच्या खात्याच्या लॉरीतून वैशाखऱ्याला जायची आणि शुक्रवारी दुपारी परत यायची.

डॉक्टरबाई तेव्हा पस्तिशीच्या असतील. उंच, हाडकुळ्या, पायात पुरुषी बूट, गळ्यात चांदीचा बारीक क्रूस. पहाटे फादरांच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्या सकाळच्या उपासनेला, बसायच्या आणि उजाडलं की पडवीत पेशंट तपासायला लागायच्या. मराठी त्या माझ्याकडून शिकल्या, आणि त्याहून जास्त पेशंटांकडून. त्यामुळे माझ्याशी बोलताना "नाही" म्हणायच्या आणि पाड्यावर गेल्या की "नाय". बायांना त्याची मजा वाटायची.

सकाळी त्या स्वतःसाठी अंडं करायच्या. ते त्या थेट तव्यात फोडत नसत. आधी वाटीत फोडायचं, वाटी उजेडाकडे धरून बघायची, मग तव्यात ओतायचं. माझी आई नेमकं हेच करते. रक्ताचा ठिपका असलेलं अंडं आम्हाला चालत नाही. एकदा त्यांच्या अंड्यात तसा ठिपका निघाला, तर त्यांनी ते सरळ मागच्या दारी ओतलं. मी विचारलं, "बाई, असं का बघता?"

"सवय," त्या म्हणाल्या आणि वाटी घासायला लागल्या.

शुक्रवारी मी आईला हे सांगितलं. आई बोंबील निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तशी सवय ख्रिस्ती घरात लागत नाय गो. पण तू गप बस. ज्याचं त्याला."

मी गप्प बसले नाही. मुरबाडात माझी एकच मैत्रीण होती, मराठी शाळेतल्या मास्तरांची बायको. मला तिच्यासमोर मी काहीतरी ओळखलंय हे दाखवायचं होतं. मी म्हणाले, "आमच्या डॉक्टरबाई दाखवतात तशा नाहीत बरं. काहीतरी लपवतात." यापुढे मी काही बोलले नाही. अंड्याचं सांगितलं असतं तर कदाचित ती नुसती हसली असती.

मग लढाई सुरू झाली. व्हिएन्ना त्याआधीच जर्मनांची झाली होती, म्हणजे डॉक्टरबाई जर्मन ठरल्या. पहिला पावसाळा तसाच निघून गेला. दुसऱ्या पावसाळ्यात पेशंट कमी व्हायला लागले. मला वाटलं, लावणीचे दिवस आहेत. पण लावणी उरकली तरी पडवी रिकामीच. एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. डॉक्टरबाई आत गेल्या तशी ती माझ्या कानाशी आली.

"बाय, ही मडम पेटीतून तारा धाडते म्हंतात. गळ्यातला तो क्रूस खोटा हाय. खरं काय गो?"

"कोण म्हणतं?"

"समदेच म्हंतात. काय तरी लपवत हाय ती."

लपवतेय. माझाच शब्द. मुरबाडच्या मैत्रिणीकडून तो इथवर आला होता.

त्याच आठवड्यात मुरबाडचे फौजदार दोन शिपाई घेऊन आले. वरून हुकूम होता, शत्रूदेशाच्या लोकांची पुन्हा चौकशी करायची. त्यांनी सगळ्यांना पडवीत उभं केलं: फादर, मिशनच्या दोन सिस्टर, डॉक्टरबाई आणि मी. डॉक्टरबाईंची लोखंडी ट्रंक बाहेर आणून उपसली. कपडे निघाले, वैद्यकीची पुस्तकं निघाली, जाड लोकरीचा कोट निघाला, आणि अगदी तळाशी जुन्या परकराच्या कापडात गुंडाळलेलं एक छोटं पुस्तक निघालं.

फौजदारांनी ते उघडलं, उलटंसुलटं करून पाहिलं. "ही कसली लिपी? खुणा आहेत का गुप्त?"

मी जिथं उभी होते तिथूनच मला हिब्रू अक्षरं दिसत होती. बाबांनी मला ती सातव्या वर्षी शिकवली होती. फौजदारांनी विचारलं, "बाई, तुम्ही दुभाष्या ना? सांगा, काय आहे हे?"

मी गप्प राहिले तर पुस्तक गुप्त खुणांचं ठरणार होतं. बोलले तर बाईंनी इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली गोष्ट सिस्टरांच्या देखत बाहेर पडणार होती. मी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्या अगदी सरळ उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. वाच.

मी पुस्तक हातात घेतलं. "शेमा इस्राएल," मी वाचलं, आणि पुढची ओळ पुस्तकात न बघताच म्हणाले. "साहेब, या खुणा नाहीत. ही आमची प्रार्थना आहे. आमच्या घरी असलंच पुस्तक आहे."

"तुमची? मग ही बाई ख्रिस्ती की यहुदी?"

थोरल्या सिस्टरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. शेवटी डॉक्टरबाईच मराठीत म्हणाल्या, "दोन्ही."

फौजदार चक्रावले. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांच्या छापील फॉर्मावर धर्माचा रकाना एकच होता. चौकशी पुरी होईपर्यंत डॉक्टरबाईंनी मुरबाडच्या मुसाफिरी बंगल्यात राहावं असा त्यांनी हुकूम केला. त्यानंतर कैदेची छावणी की सुटका, ते वरून ठरणार होतं.

मुरबाडला जाताना लॉरीत त्यांनी मला सगळं सांगितलं. त्या यहुदी घरातल्या. वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला असताना एका इस्पितळात नन लोकांबरोबर काम करत होत्या, आणि तिथं त्यांची श्रद्धा ख्रिस्तावर बसली. भीतीनं नाही, लग्नासाठी नाही. बाप्तिस्मा घेतला तसे त्यांचे वडील त्या मेल्या असं समजून सात दिवस जमिनीवर सुतकाला बसले. आई मात्र चोरून भेटत राहिली. ते पुस्तक आईचं होतं. पुढं व्हिएन्नात जर्मनांचं नवं राज्य आलं, तेव्हा बाप्तिस्म्याचा कागद कुणी विचारलाच नाही. आई-बाप यहुदी म्हणून नोकरी गेली, घर गेलं.

"तिथून मला यहुदी म्हणून हाकललं," त्या म्हणाल्या, "आणि इथं जर्मन म्हणून धरतात."

"फादरांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

बाबांना वाटलं, सोपं आहे. मुंबईच्या इस्राएल मंडळींनी लिहून दिलं की ही आमची, छळामुळे पळून आलेली, तर सरकार तिला छावणीत घालणार नाही. फक्त बाईंनी लिहून द्यायचं की मी यहुदी आहे. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "यहुदी आईच्या पोटी जन्मले असं लिहीन. ख्रिस्ती नाही असं लिहिणार नाही."

बाबा चिडले. "अहो, जिवाशी गाठ आहे. एका ओळीचा प्रश्न आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फादर सायकल हाणत, चिखलानं माखून आमच्या ओट्यावर आले. बाबा आणि ते दुपारभर बोलत बसले. एकदा आवाज इतके चढले की आई मधे जाऊन चहा ठेवून आली. बाबांचं म्हणणं, बाप्तिस्म्याचा उल्लेख करूच नका. फादर म्हणत होते, "मी पाद्री आहे. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही असं मला सुचवताही येणार नाही. पण तिला यहुदी म्हणून घराबाहेर काढलं हे मला शपथेवर सांगता येईल." अखेर एकच अर्ज झाला. वर बाबांच्या अक्षरात तिचा जन्म आणि छळ, खाली फादरांच्या अक्षरात तिचा बाप्तिस्मा आणि दवाखान्यातलं काम. दोघांनी सह्या केल्या. बाबांनी तो मुंबईच्या मंडळींकडे नेला आणि त्यांच्या शिफारशीसह तो वर गेला. आता फक्त वाट पाहायची होती.

एवढ्यात दारफाळणीचा सण आला. आमचा हा वर्षातला सगळ्यात मोठा उपास. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, अन्नपाणी नाही, बाहेरच्या कुणाला भेटायचं नाही, दिवसभर प्रार्थना. पण त्याआधी ज्याचा आपण अपराध केलाय त्याच्याकडे स्वतः जाऊन क्षमा मागावी लागते. माणसाचा अपराध देव परस्पर माफ करत नाही, असं बाबा सांगायचे.

आदल्या दुपारी मी बंगल्यावर गेले. डॉक्टरबाई खिडकीशी मोजे शिवत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. अंडं, मैत्रीण, "लपवतात" हा शब्द, त्याचं पुढं काय झालं ते. सांगताना मला रडू आलं, पण त्यांनी मला जवळ घेतलं नाही. त्यांनी सुई मोज्यात खोचून ठेवली.

"मला वाटलं, धाकट्या सिस्टरनं काहीतरी पाहिलं आणि बाहेर सांगितलं," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या चिठ्ठीला उत्तरसुद्धा नाही दिलं."

"मला क्षमा करा."

"आज नाही होणार. आज म्हटलं तर खोटं होईल. तू जा."

मी घरी आले. सूर्य बुडायच्या आत दारं लागली. आईनं एकदाच विचारलं, "केलं माफ?" मी नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा प्रार्थना म्हणत होते आणि आम्ही मायलेकी मागं बसलो होतो. दारावर थाप पडली. आई खुणेनं म्हणाली, नको. पुन्हा थाप. पुस्तक छातीशी धरून बाबा उठले आणि त्यांनी स्वतः कडी काढली.

दारात डॉक्टरबाई. पांढरा सुती झगा, डोक्याला पांढरा रुमाल, आणि पाय अनवाणी. घोट्यापर्यंत चिखल होता आणि एका बोटातून रक्त येत होतं. त्या दिवशी आम्ही चामडं पायात घालत नाही. आईनं पायांकडे पाहिलं, मग गळ्यातल्या क्रूसाकडे, मग पुन्हा पायांकडे. बाजूला सरकून तिनं आपल्याच चटईवर जागा केली.

त्या माझ्या शेजारी बसल्या. हातात त्यांच्या आईचं पुस्तक होतं. काही ठिकाणी त्यांचे ओठ हलायचे, काही ठिकाणी थांबायचे. पाण्याचा थेंब घेतला नाही. आभाळात तीन चांदण्या दिसल्या, उपास सुटला, तसे बाबा थांबले. आईनं काळ्या मनुकांचं सरबत आणलं. पहिला पेला तिनं डॉक्टरबाईंना दिला. त्यांनी तो हातात धरला आणि माझ्याकडे वळल्या.

"काल विचारलं होतंस ना," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगते. माफ केलं."

निघताना बाबांनी त्यांना विचारलं, "बाई, हे दोन्ही तुम्हाला जमतं कसं?"

"जमत नाही, ओव्हरसियरसाहेब," त्या म्हणाल्या. "पण जमत नाही म्हणून कुणाला सोडू?" मग त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला. धाकट्या सिस्टरला लिहायचं होतं.

भात कापणीला आलं तेव्हा निकाल आला. छावणी नाही. तालुक्याबाहेर जायचं नाही आणि दर सोमवारी कचेरीत हजेरी द्यायची, एवढ्या अटीवर दवाखान्यात राहायची परवानगी. पहिले दोन आठवडे कुणी फिरकलं नाही. मग वैशाखऱ्यात एका बाईचं मूल आडवं आलं आणि डॉक्टरबाईंनी दोघांनाही वाचवलं. त्यानंतर पडवी पुन्हा भरायला लागली. तारांची गोष्ट लोक विसरले, किंवा विसरल्यासारखं वागले.

मी लढाईच्या चौथ्या वर्षी लग्न होऊन शहापूरला आले. माझे यजमान खर्डीला रेल्वेत होते. मी काही वर्षं किन्हवलीच्या शाळेत शिकवलं. लढाई संपल्यावर बाबांचं पत्र आलं. डॉक्टरबाईंच्या आई-वडिलांना आगगाडीत घालून पूर्वेकडे नेलं होतं, पुढं काही ठावठिकाणा नाही. बाबा त्यांना ठाण्याला आमच्या मशिदीत घेऊन गेले. आम्ही आमच्या प्रार्थनेच्या घराला मशीदच म्हणायचो. मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात, ते तिथं होते. मीही गेले होते. बाबांनी दोघांची नावं घेऊन प्रार्थना म्हटली आणि डॉक्टरबाई वर बायकांच्या सज्जात माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. पुढच्या रविवारी फादरांनी ठाण्याच्या चर्चमध्ये त्याच दोन नावांनी मिस्सा केला. त्याला बाबा गेले नाहीत, पण फादरांना जायला-यायला त्यांनी लॉरी दिली.

देश स्वतंत्र व्हायच्या सुमारास त्यांचा भाऊ इंग्लंडात सापडला आणि त्या तिकडे गेल्या. जाण्याआधी शहापूरला येऊन माझ्या मुलीला तपासून गेल्या. तिकडून मराठीत पत्रं यायची, पाड्यावरच्या मराठीत: "मी बरी हाय. तुमी कशा हाव?" दोन-तीन वर्षं ती आली.

शेवटचं पत्र त्यांच्या भावाचं होतं, इंग्रजीत. छातीच्या विकारानं त्या गेल्या होत्या. यहुद्यांच्या की ख्रिस्त्यांच्या, कुठल्या दफनभूमीत पुरलं ते त्यानं लिहिलं नव्हतं. मी विचारायला कागद पुढं ओढला, त्याचं नाव लिहिलं, आणि शेवटी फक्त दुखवट्याचं लिहून पत्र टपालात टाकलं.