उपळसरीची मुळी आणि सासूबाई

उपळसरीच्या मुळ्या वाळवायच्या, त्यांतली द्रव्यं वेगळी काढायची, सापाच्या विषात मिसळायची आणि विष किती आवरतं ते बघायचं. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी हेच करते. मुळ्या पुरवतात माझ्या सासूबाई, कुसगावच्या डोंगरउतारावरून स्वतः खणून. मी चार मुळ्या मागितल्या की त्या पाटीभर आणतात आणि वर मलाच आळशी म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी, मी गावी गेले असताना, बांधावर गवत कापताना त्यांच्या हाताला फुरसं चावलं. शेजारच्या मावशी धावत आल्या त्या मूठभर कडुलिंबाचा पाला घेऊनच. आमच्याकडे साप चावला की तो पाला चावायला देतात. कडू लागला नाही तर विष अंगात भिनलं म्हणायचं. सासूबाई चावून म्हणाल्या, "न्हाई गं लागत कडू." मावशींनी गळाच काढला. रक्तातली साखर उतरावी म्हणून सासूबाई त्याच पाल्याचा रस रोज पेलाभर पितात, त्यांना कसला कडू लागतोय! हे मी ओरडून सांगितलं तेव्हा कुठे रडं थांबलं.

हात मात्र सुजत चालला होता. मी तो फळीला बांधायला घेतला, तर सासूबाई म्हणाल्या, "मुळी उगाळून दे. तूच म्हनतीस ना, इख आवरतं?"

"काचेच्या नळीत आवरतं, आई. माणसाच्या अंगात काय होईल ते मला माहीत नाही. दवाखान्यात चला."

"मंग येवढा डोंगर मी कशापायी खनला?"

त्यांनी तोंड फिरवलं, तरी मी त्यांना गाडीत बसवलं. लोणावळ्यात भुशी धरणावर भिजायला निघालेल्या गाड्यांची रांग होती, आमची गाडी तीत अडकली. मला भयंकर भीती वाटत होती. या माझ्यावर रुसूनच गेल्या तर?

दवाखान्यात रक्त गोठत नाही असं कळलं. लगेच विष उतरवणारं प्रतिविष सलाइनमधून सुरू झालं. दुसऱ्या दिवशी रक्त गोठू लागलं, सूजही थांबली, आणि सासूबाई चहात साखर का नाही म्हणून भांडल्या. मला इतकं बरं वाटलं!

सलाइन बदलताना नर्सने त्यांना विचारलं, "या तुमच्या कोण?"

"सून हाय. सापाचं औशद शोधती. अजून गावलं न्हाई तिला." मग बऱ्या हाताने माझा हात धरून म्हणाल्या, "पन गावलं न्हाई तर न्हाई म्हनती. मी मरत असले तरी."